तात्यांचं ऊन

ऊन ही विकत घ्यायची वस्तू आहे, हे नागपूरच्या माणसाला पटवणं कठीण. आमच्याकडे मे महिन्यात पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या घरात जातो आणि अख्खं घर मिळून एकच उद्योग करतं, ऊन आत येऊ द्यायचं नाही. खिडकीत कुलर, कुलरला खसच्या ताट्या, उरलेल्या खिडक्यांना जाड पडदे. बाहेर पडायचंच झालं तर तोंडाला दुपट्टा आणि खिशात कांदा. माझं सगळं लहानपण या लढाईत गेलं. लग्न करून मी इंग्लंडात, लीड्सला आले, तेव्हा विमानतळावर आईनं डोळे पुसता पुसता स्वतःचीच समजूत घातली होती, ‘‘चला, एक पोरगी तरी उन्हातून सुटली.’’

त्याच पोरीनं गेल्या हिवाळ्यात साठ-सत्तर पौंड मोजून दोन फूट ऊन विकत आणलं. आणि ते आणायच्या आधी जेवढा अभ्यास केला, तेवढा सीएच्या परीक्षेलाही केला नव्हता.

हट्ट ओमचा. वय तेरा, आणि घरात काहीतरी जिवंत हवं. (‘‘आम्ही आहोत ना,’’ हे नवऱ्याचं म्हणणं मोजण्यात आलं नाही.) नवऱ्याला केसाळ प्राण्यांची ॲलर्जी, त्यामुळे कुत्रा-मांजर बाद. मासे आपल्याकडे बघत नाहीत म्हणून तेही बाद. ओमनं शॅमेलिऑनच्या, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याच्या, बाजूनं स्लाइड्स करून आम्हाला सोफ्यावर बसवून दाखवल्या. केस नाहीत, भुंकत नाही, पावसात फिरवायला न्यावं लागत नाही, आणि दोन डोळ्यांनी एकाच वेळी दोन दिशांना बघतो, म्हणजे आई आणि बाबा दोघांकडे लक्ष. शेवटच्या स्लाइडवर खर्च होता. पिंजरा इतका, झाडं इतकी, किडे दरमहा इतके, आणि ‘दिवे इत्यादी’. माझी हयात लोकांचे हिशेब तपासण्यात गेली आहे. ‘इत्यादी’ दिसलं की माझं पेन आपोआप थांबतं.

‘‘हे इत्यादी काय आहे?’’

‘‘अगं, एक यूव्ही बल्ब असतो फक्त.’’

शॅमेलिऑन आम्हाला देणार होते ते शेफिल्डकडचे एक निवृत्त गृहस्थ. ते घरी येमेनी शॅमेलिऑनची पैदास करतात. त्यांनी फोनवर पहिलंच वाक्य टाकलं, आधी उजेड बसवा, त्याचे आकडे मला कळवा, मग प्राणी न्या. वॉट की लुमेन, कसले आकडे, असं मी विचारलं तर ते नुसतेच हसले. तिथून माझा सूर्यशोध सुरू झाला.

प्रकरण असं आहे. हा प्राणी मूळचा येमेनच्या आणि नैऋत्य सौदीच्या डोंगराळ भागातला. उन्हात बसणं हा त्याचा आराम नसून कामकाज आहे. उन्हातल्या यूव्ही-बी या अतिनील किरणांनी त्याच्या कातडीत ड जीवनसत्त्वाचा कच्चा माल तयार होतो, अंगाच्या उबेनं तो पक्का होतो, आणि मग कुठे खाल्लेलं कॅल्शियम हाडांपर्यंत पोचतं. हे ऊन मिळालं नाही तर जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, फांदीवरची पकड सुटते. पिंजऱ्यात वाढणाऱ्या सरड्यांचा हा नेहमीचा आजार. बरं, म्हणून भरपूर यूव्ही द्यावं, तर डोळे सुजून मिटतात आणि कातडी भाजते. म्हणजे कमी पडलं तरी आरोपी मी, जास्त झालं तरी मीच. आणि ज्या मालावरून हा खटला चालणार तो माल डोळ्यांना दिसत नाही. पांढरा उजेड दिसतो. त्यात यूव्ही-बी आहे की नाही, किती आहे, कालच्याइतकं आज आहे का, काही म्हणजे काही दिसत नाही. आयुष्यात मी न बघता फक्त एकच गोष्ट विकत घेतली होती, विम्याची पॉलिसी, आणि तिच्यात निदान कागद तरी मिळाले होते.

आईला व्हिडिओ कॉलवर हे सगळं सांगितलं. ती शांतपणे मटार सोलत होती.

‘‘काय करून राहिली तू? खिडकीत ठेव ना त्याला.’’

‘‘आई, काचेतून यूव्ही-बी येत नाही. काच जवळजवळ सगळं अडवते.’’

‘‘मग खिडकी उघड.’’

डिसेंबरातलं लीड्स. सूर्य सव्वाआठनंतर कधीतरी येतो आणि पावणेचारच्या सुमारास निघून जातो. मधल्या वेळात तो आला होता यावर विश्वास ठेवावा लागतो. खिडकी उघडली असती तर येमेनचा पाहुणा अर्ध्या तासात थिजला असता.

मग मी दुकानात गेले. शहराबाहेरच्या एका मोठ्या दुकानात सरड्यांसाठी अख्खी भिंत होती. त्या भिंतीवर उभ्या दिव्यांच्या खोक्यांवर एकूण इतके सूर्य छापले होते की डोकं गरगरलं. वाळवंटाचा दिवा, जंगलाचा दिवा, रात्रीचा लाल दिवा, चांदण्याचा निळा दिवा. ‘फुल स्पेक्ट्रम’ हे तर प्रत्येकावर. आपल्याकडे प्रत्येक दुकान ‘शुद्ध देशी तुपातील’ असतं, तेवढाच त्या शब्दाला अर्थ. काउंटरवरच्या तरुणानं ‘स्टार्टर किट’ पुढे केलं. त्यात जिलबीच्या वळणाचा एक यूव्ही बल्ब आणि रात्रीसाठी एक लाल बल्ब होता. रात्री लाल दिवा कशाला, असं मी विचारलं. त्याला तो उजेड दिसत नाही, असं उत्तर आलं. ओमनं हळूच माझ्या बाहीला ओढलं आणि मराठीत सांगितलं की दिसतो, शॅमेलिऑनला रात्री पूर्ण अंधार लागतो, आपण निघू या. दुकानात मुलं मराठीत बोलतात तो एकमेव क्षण हा, विक्रेत्याविरुद्ध कट करण्याचा.

त्या वळणदार बल्बांचा इतिहास मी घरी येऊन वाचला. दोन हजारच्या दशकात अशा काही बल्बांखाली ठेवलेल्या प्राण्यांचे डोळे सुजल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. फ्रान्सिस बेन्स नावाच्या ब्रिटिश पशुवैद्य बाईंनी दिवे तपासले, तेव्हा काहींमधून पृथ्वीवरच्या उन्हात नसतातच अशा आखूड लांबीच्या लहरी बाहेर पडत असल्याचं दिसलं. नंतर बल्ब सुधारले. पण तेवढ्याशा गोळ्यातून निघणारा झोत एका ठिकाणी तीव्र आणि वीतभर बाजूला नगण्य, ही त्यांची मूळ अडचण राहतेच. पाऱ्याच्या वाफेचे दिवे वाचले, जे ऊब आणि यूव्ही एकदमच देतात. ते शॅमेलिऑनच्या छोट्या पिंजऱ्याला फार कडक. उरली लांब नळी. ट्यूबलाइट! इतक्या वाचनानंतर मी जिथे पोचले तिथे आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या घरात १९८५ पासून ट्यूबलाइट होती.

याच सुमारास मी एक गोष्ट खानदानी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. टाकली म्हणजे, नुसतं विचारलं, कुणाला यूव्ही दिव्यांची माहिती आहे का. आमच्या ग्रुपवर माहिती नसलेला माणूस नाही.

अमरावतीच्या बंडूमामांचा आवाज-संदेश पहिला. ‘‘अवं, पाण्याच्या फिल्टरमंधी यूव्हीचाच दिवा असते. जुना फिल्टर असंल तर तो काढ न लाव. कायले पैसे घालवतं?’’ मामांचा जीव मोठा, पण फिल्टरमधला दिवा यूव्ही-सीचा. लहरींची लांबी २५४ नॅनोमीटर. जंतू मारण्यासाठी बनवलेला. ही यूव्ही-सी सूर्याकडूनही निघते, पण ओझोनचा थर तिला वरच्या वरच अडवतो, म्हणून आपण आहोत. ती दिवाणखान्यात लावली तर सरड्याचे डोळे जातील, आमचेही जातील, आणि पिंजरा तेवढा निर्जंतुक राहील.

पुण्याच्या वहिनींनी नेलपॉलिश वाळवायच्या मशिनचा फोटो पाठवला. ‘मी वापरत नाहीये सध्या, कुणी येत असेल तर पाठवते.’ इतवारीत सराफीचं दुकान असलेल्या चुलतभावानं नोटा तपासायचा जांभळा दिवा सुचवला. कुणीतरी डास मारायचा निळा दिवा. हे तिन्ही यूव्ही-एचे. ही यूव्ही-ए सरड्याला दिसते, आवडते, पण तिनं ड जीवनसत्त्व होत नाही. मेडिकल कॉलेजमधून निवृत्त झालेल्या सुधामावशी म्हणाल्या, काविळीच्या बाळांना ज्या दिव्याखाली ठेवतात तो बघ. आयुष्यभर त्यांनी त्या दिव्याखाली बाळं ठेवली, त्यामुळे त्यांना कसं सांगावं हा प्रश्न होता. तो दिवा साध्या निळ्या उजेडाचा, त्यात यूव्ही मुद्दाम टाळलेलं असतं. मी ‘बघते मावशी’ लिहिलं. त्यावर हात जोडलेले सात इमोजी आले.

सगळ्यात व्यवहारी सल्ला माझ्या आत्तेभावाचा. दिव्याच्या भानगडीत पडूच नको, म्हणाला. ‘‘सुट्टीत इकडे ये, काटोल रोडला झाडावर दाखवतो शॅमेलिऑन. पकडून देतो. ऊन त्याच्यासोबत फ्री.’’ त्याला कळवावं लागलं की आपल्याकडचा शॅमेलिऑन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, पकडणं आणि पाळणं दोन्ही गुन्हा. त्यानं तोंडाला चेन लावलेला चेहरा टाकला आणि ग्रुप काही काळ गणपतीच्या फोटोंकडे वळला.

म्हणजे यूव्ही हे आडनाव. घरातली अ, ब आणि क ही तीन भावंडं एकमेकांची तोंडंही बघत नाहीत, आणि खोक्यावर मात्र नुसतं आडनाव छापतात. आम्हाला हवी होती फक्त मधली ब, २८० ते ३१५ नॅनोमीटर, त्यातही सूर्य देतो तेवढ्याच वळणाची.

मधली मिळाली. नळीवर लिहिलं होतं, सहा टक्के. दुसऱ्या कंपनीच्या नळीवर ५.०. तिसरीवर १०.०. टक्के कशाचे? दिव्यातून जो काही उजेड निघतो त्यातला यूव्ही-बीचा वाटा. आणि एकूण उजेड किती? ते नळीवर अवलंबून. टी-८ ही जुनी इंचभर जाडीची, टी-५ ही पाच-अष्टमांश इंचाची बारीक पण जास्त जोमाची. दोन्हीवर सहा टक्केच छापलेलं, पण बारकीचा मारा जाडीच्या जवळपास दुप्पट. पायाची रक्कम न सांगता टक्के सांगणं हे माझ्या धंद्यात नोटीस येण्याजोगं कृत्य आहे. मी ती दोन्ही खोकी टेबलावर ठेवून नवऱ्याला म्हटलं, ‘‘यांच्या ताळेबंदावर मी सही केली नसती.’’

‘‘सही नको करू, एक उचल,’’ नवरा म्हणाला. तो रत्नागिरीचा. आंबा दाबून बघतो आणि घेतो.

ज्या एककानं हा गोंधळ सुटतो ते एकक माणसांसाठी काढलेलं होतं. कॅनडानं १९९२ मध्ये हवामानाच्या बातम्यांत एक निर्देशांक द्यायला सुरुवात केली, आज ऊन कातडीला किती भाजेल त्याचा. तोच यूव्ही इंडेक्स. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी तो दहाच्या वर असतो. लीड्सच्या डिसेंबरात त्याला एकही गाठता येत नाही. टेक्सासचे संशोधक गॅरी फर्ग्युसन यांनी सहकाऱ्यांबरोबर अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या आणि जमैकातल्या रानात सरडे-साप जिथे जिथे बसले होते तिथे तिथे जाऊन हाच आकडा मोजला आणि २०१० मध्ये त्यांचे चार विभाग पाडले. पहिल्यात सावलीत आणि तिन्हीसांजेला फिरणारे, दुसऱ्यात पानांच्या आडून थोडं ऊन घेणारे, तिसऱ्यात उघड्यावर शेकणारे, चौथ्यात भर दुपारी तळपत बसणारे. बेन्स बाईंनी पुढे शेकडो जातींची या विभागांत वर्गवारी केली.

मला हे वर्गीकरण इतकं पटलं की मी आधी आमच्या घरच्यांची वर्गवारी केली. आई विभाग एक, पडद्याआडून ‘ऊन उतरलं का?’ विचारणारी. मी दोन. बाबा निर्विवाद चार. ते भर एक वाजता सायकल काढून बर्डीला जायचे, कारण तेव्हा गर्दी नसते. गर्दी का नसते याचा त्यांनी कधी विचार केला नाही.

येमेनी शॅमेलिऑन विभाग तीन. पिंजऱ्यात मात्र त्याच्या वरच्या फांदीवर निर्देशांक तीनच्या आसपास असावा आणि खाली पानांमध्ये उतरत उतरत शून्य व्हावा, असा अनुभवी लोकांचा कौल. शेफिल्डच्या गृहस्थांना हवा होता तो हाच आकडा. आता तीन झाले हे कळणार कसं? त्यासाठी सोलारमीटर ६.५ नावाचं यंत्र मिळतं. खिशातल्या रिमोटएवढं, दोनशे पौंडांच्या वर. ज्याचं ऊन मोजायचं तो प्राणी त्याच्या निम्म्या किमतीत येतो.

इथे घरात दोन तट पडले. नवऱ्याचं म्हणणं, अंतराचं कोष्टक बघ, टी-५, सहा टक्के, फांदी नऊ इंच खाली, संपलं. माझं म्हणणं, कोष्टकात जाळी कुठल्या विणीची ते नाही. दिवा पिंजऱ्याच्या जाळीवर ठेवायचा असतो आणि जाळी तिच्या दाटपणानुसार तिसरा हिस्सा ते निम्मं यूव्ही गिळते. शिवाय नळी म्हातारी झाली की तिचा पांढरा उजेड तसाच राहतो, पण यूव्ही-बी आधी संपते. म्हणून वर्षभरानं चालू असलेली नळी फेकून द्या, असं सगळे सांगतात. चालू वस्तू, नुसत्या सांगण्यावरून, फेकून द्यायची? चिपळूण-रत्नागिरीकडच्या माणसाला हे वाक्य ऐकवायला मी योग्य क्षणाची वाट बघत होते. ऐकवलं. मीटर दुसऱ्या दिवशी ऑर्डर झाला, त्याच्या कार्डावर.

दिवा बसवला तो रविवार. पिंजरा चार फूट उंच, दोन बाय दोन, चारही बाजूंनी जाळी. वर ट्यूबची पट्टी, आरशासारख्या पत्र्याची. शेजारी ऊब देणारा साधा बल्ब, त्याच्या खालच्या फांदीवर एकोणतीस-तीस अंश. तो जाळीपासून उचलून लावायचा, नाहीतर पंजे भाजतात. यूव्ही वरूनच यायला हवं, बाजूनं नाही. कारण सूर्य डोक्यावर असतो हे गृहीत धरून निसर्गानं या प्राण्याच्या डोळ्यांवर कपाळाची झापड दिली आहे. नवऱ्यानं बटण दाबलं, काही झालं नाही. ‘‘चोक गेला असेल,’’ तो म्हणाला, आणि नव्या कोऱ्या पट्टीला, मुकाट्यानं, आपल्याकडे मारतात तशी टिचकी मारली. ओमनं प्लग चालू केला.

मग मोजमाप. नऊ इंच म्हणजे एक वीत. पण कुणाची? माझी वीत आठ इंच, नवऱ्याची साडेनऊ, ओमची रोज वाढते. फांदी माझ्या वितीनं बांधली तर आकडा चारच्या वर. नवऱ्याच्या वितीनं अडीच. शिवाय ही वीत फांदीपासून मोजायची नसतेच, तर फांदीवर बसलेल्या प्राण्याच्या पाठीपासून, आणि या जातीच्या डोक्यावर दोन इंचांचा तुरा असतो. तो अजून शेफिल्डलाच होता. ओमनं फांदीवर शाम्पूची बाटली ठेवली आणि तिच्या झाकणाशी मीटर धरला. ३.१. मी फोटो पाठवला. पलीकडून एकच शब्द आला: शनिवारी या.

असे तात्या घरी आले. ओमनं त्यांना काहीतरी खेळातलं नाव ठेवलं होतं. पण एक पाऊल उचलायचं, हवेत धरायचं, ते टाकावं की नाही याचा विचार करत पुढेमागे डुलायचं, एक डोळा आमच्याकडे आणि दुसरा टीव्हीकडे, हे बघून मी ‘तात्या’ म्हटलं आणि तेच राहिलं. नाव तात्या म्हटल्यावर एकेरीत बोलता येईना. त्यामुळे ‘तात्या उठले का’, ‘तात्यांनी रातकिडा सोडला’ अशी वाक्यं आमच्या घरात होतात, आणि ओमचे मित्र आजोबा आलेत असं समजून बूट काढून आत येतात. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. तात्यांची वरच्या फांदीपर्यंत, म्हणजे थेट ३.१ पर्यंत.

पहिल्या दिवशी ते काळपट पडून पानात बसून राहिले. रंग बदलणं हे लपण्यासाठी असतं अशी माझी समजूत मराठी पाचवीपासून पक्की होती. मुख्यतः मनःस्थिती आणि ऊब यांसाठी असतं. थंडी वाजली की गडद व्हायचं आणि अंग चपटं करून उन्हाला आडवं धरायचं. आमच्याकडे त्यांची मनःस्थिती गडद होती इतकंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता तात्यांचा डावा डोळा मिटलेला दिसला. दिवसा मिटलेला डोळा म्हणजे यूव्ही जास्त झाल्याची पहिली खूण, हे मी इतक्यांदा वाचलं होतं की पाय गार पडले. ओम धावला, नवरा ऑफिसचा कॉल सोडून धावला, मी मीटर घेऊन धावले. तिघंही जाळीला नाक लावून उभे. मिटलेला डोळा फुगला, आत काहीतरी गरगरलं, आणि उजवा डोळा या सगळ्या वेळात आम्हा तिघांकडे अत्यंत तिरस्कारानं बघत होता. मग डावा उघडला. शेफिल्डला फोन केला तेव्हा कळलं की शॅमेलिऑन डोळा असाच फुगवून, फिरवून साफ करतात. नवरा परत कॉलवर गेला आणि उशीर का झाला ते सांगू शकला नाही.

त्यानंतर मी एक संशोधन वाचलं आणि पुष्कळ निवांत झाले. मादागास्करच्या पॅंथर शॅमेलिऑनवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेलं. खाण्यातून ड-३, म्हणजे ड जीवनसत्त्वच, कमी मिळालं की हे प्राणी यूव्हीखाली जास्त बसतात, पुरेसं मिळालं की कमी. त्यांना आतूनच कळतं. रक्त तपासायला नको, रिपोर्ट नको. आपण फक्त ऊन आणि सावली दोन्ही ठेवायची, निवड त्यांची. तात्याही सकाळी वर जातात, आडवे होतात, थोड्या वेळानं जणू कुणी घंटा दिल्यावर खाली पानांत उतरतात. जास्तीचं झालेलं जीवनसत्त्व तोच उजेड कातडीतच मोडून टाकतो, म्हणून उन्हानं ड-३ चा अतिरेक होत नाही. पावडरीनं होऊ शकतो. त्यामुळे रातकिडे कॅल्शियमच्या पावडरीत रोज घोळायचे, पण ड-३ वाली पावडर महिन्यातून एखाद-दोनदाच.

ओमला मध्येच कुठेतरी सापडलं की काही शॅमेलिऑनची डोक्याची हाडं यूव्हीखाली निळी चमकतात. २०१८ साली म्युनिकच्या संशोधकांनी दाखवलंय, खरंच आहे. इतवारीच्या मामांचा जांभळा दिवा मागवू का, असं त्यानं विचारलं. तात्यांचं डोकं नोट नाही, असं सांगून मी तो विषय बंद केला.

याच काळात माझा गुडघा दुखू लागला. डॉक्टरांनी रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व तळाला. इथे सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांनाच सांगते की ऑक्टोबर ते मार्च उन्हातून ते मिळत नाही, रोज दहा मायक्रोग्रॅमची गोळी घेण्याचा विचार करा, आणि सावळ्या कातडीच्या लोकांनी तर वर्षभर. मी आईला सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, नागपूर सोडलं त्याचं फळ.

‘‘मलापण दिलंय ते,’’ आई म्हणाली. ‘‘साठ हजारवाली पुडी. रविवारी दुधातून.’’

‘‘तुला? नागपुरात?’’

‘‘मग! मी काय उन्हात जाते का?’’

तर सध्याची परिस्थिती अशी. सत्तेचाळीस अंशाच्या गावात राहणारी आई पुडी घेते, लीड्समध्ये मी गोळी घेते, आणि आमच्या खानदानात स्वतःचं ड जीवनसत्त्व स्वतःच्या कष्टानं तयार करणारे एकटे तात्या. नवऱ्यानं एकदा, मी बघत नाही असं समजून, पट्टीखाली टक्कल धरून बघितलं होतं. मी त्याच्या वितीनं अंतर मोजलं आणि बाजूला हो म्हटलं.

मीटरचं म्हणाल तर त्यानं पैसे वसूल केलेत. हातात मोजायचं यंत्र आलं की माणूस थांबत नाही. मी स्वयंपाकघरातला दिवा मोजला, शून्य. ऑफिसची खिडकी, शून्य. जूनमध्ये मागच्या अंगणात चक्क सहा लागले आणि तात्यांना जाळीच्या छोट्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून, बाहेर नेलं. ते इतके हिरवे झाले की शेजारच्या आजी कुंपणावरून बघत राहिल्या.

‘‘एवढं फुकट ऊन होतं,’’ नवरा खुर्ची ओढत म्हणाला, ‘‘तर मग आपण दिवा कशाला...’’

वाक्य पुरं व्हायच्या आत काळा ढग आला, मीटर दीडवर उतरला आणि पावसाचा पहिला थेंब पडला. तो पानावरून तात्यांनी पिऊनही टाकला. आम्ही सगळे आत पळालो.

गेल्या आठवड्यात मंडळातल्या एकीचा फोन आला. तिच्या मुलीनं बेअर्डेड ड्रॅगन आणायचं ठरवलंय. ‘‘तुमच्याकडे सरडा आहे ना, पटकन सांग गं, कुठला यूव्ही बल्ब घेऊ? मी दुकानातच उभी आहे.’’

बेअर्डेड ड्रॅगन ऑस्ट्रेलियाचा. त्याला तात्यांपेक्षाही कडक ऊन लागतं, कोष्टक वेगळं, अंतर वेगळं, नळी वेगळी.

‘‘सांगते,’’ मी म्हटलं. ‘‘तू जेवलीयस का? मग आधी जेवून घे, आणि येताना जाळीचं माप घेऊन ये.’’